आमदाराला परत बोलावताना: कोलोरॅडोच्या बंदूक कायद्यांवरून झालेल्या रिकॉलची पायरीपायरीने ओळख

10 सप्टेंबर 2013 रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी आपल्याच राज्याच्या सिनेटमधील दोन सदस्यांना मुदत संपण्याआधी पदावरून उतरवले. एक होते कोलोरॅडो स्प्रिंग्सचे जॉन मोर्स, जे त्या वेळी सिनेटचे अध्यक्षही होते, आणि दुसऱ्या होत्या प्वेब्लोच्या अँजेला जिरॉन. दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचे. कोलोरॅडोच्या राज्यघटनेत मतदारांना हा अधिकार 1912 पासून आहे, पण राज्याच्या आमदारांवर तो यशस्वीपणे वापरला गेला तो शंभर वर्षांनंतर, आणि तोही बंदुकांच्या प्रश्नावरून.

डेन्व्हर, बोल्डर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्सच्या परिसरात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्यासमोर एखाद्या दिवशी किराणा दुकानाच्या वाहनतळावर टेबल मांडून बसलेला कोणी कार्यकर्ता आमदाराला परत बोलावण्याचे, म्हणजे रिकॉलचे, मागणीपत्र धरेल, तेव्हा त्या कागदावर काय लिहिले आहे, सही केल्याने काय होते आणि काय होत नाही, हे त्यांना ठाऊक असावे, यासाठी हा लेख आहे. महाराष्ट्रात राहून 'परत बोलावण्याच्या अधिकारा'विषयी आस्था असणाऱ्यांनाही ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी फिरते, हे त्यातून कळेल. बंदुकांवर निर्बंध असावेत की नसावेत, हा वाद येथे सोडवायचा नाही. दोन्ही बाजूंच्या नागरिकाला नियम तेच लागू होतात, आणि नियम नीट न समजल्यामुळे दोन्ही बाजूंचे श्रम वाया गेलेले आहेत.

पहिली पायरी: राग कायद्यावर आहे की माणसावर, हे ठरवा

रिकॉलने माणूस जातो, कायदा जात नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

20 जुलै 2012 रोजी डेन्व्हरजवळच्या ऑरोरा येथील चित्रपटगृहात गोळीबार होऊन 12 जणांचा बळी गेला. त्याच वर्षी 14 डिसेंबरला कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत 20 लहान मुले आणि 6 प्रौढ मारले गेले. या दोन घटनांच्या छायेत 2013 च्या अधिवेशनात कोलोरॅडोच्या विधिमंडळाने बंदूकविषयक कायदे केले आणि गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी 20 मार्च 2013 रोजी त्यांवर सही केली. एका कायद्याने 15 पेक्षा अधिक गोळ्या बसणाऱ्या मॅगझिनच्या (बंदुकीला जोडायच्या गोळ्यांच्या डबीच्या) विक्रीवर बंदी आणली. दुसऱ्याने खासगी व्यक्तींमधील बंदूकविक्रीलाही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचे बंधन लावले. त्या तपासणीचे शुल्क खरेदीदाराकडून घेण्याची तरतूदही वेगळ्या कायद्याने झाली.

विरोधकांचा राग या कायद्यांवर होता. पण त्यांनी जे साधन हाती घेतले ते माणसांना हटवणारे होते. मोर्स आणि जिरॉन गेल्यावरही ते कायदे जसेच्या तसे राहिले. सिनेटमधील डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत 20 विरुद्ध 15 वरून 18 विरुद्ध 17 वर आले, पण राहिले. मॅगझिनच्या मर्यादेला पुढे न्यायालयातही आव्हान दिले गेले आणि 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. म्हणून मागणीपत्र हाती घेण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहून पाहावे: 'मला अमुक हवे आहे.' त्या वाक्यात 'कायदा रद्द व्हावा' असे आले, तर रिकॉल हा फार दूरचा रस्ता आहे. 'या प्रतिनिधीवर माझा विश्वास उरलेला नाही' किंवा 'सभागृहातील बहुमत बदलावे' असे आले, तरच पुढच्या पायऱ्या चढण्यात अर्थ आहे.

दुसरी पायरी: कोणते दार उघडे आहे ते पाहा

विधिमंडळाच्या सत्तेला लगाम घालण्याची साधने कोलोरॅडोच्या घटनेत बरीच आहेत. 1910 पासून तेथे नागरिकांना स्वतः कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा आणि विधिमंडळाने केलेला कायदा सार्वमताला नेण्याचा हक्क आहे. 1990 पासून आमदारांना एका सभागृहात सलग आठ वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही. 1992 च्या घटनादुरुस्तीनंतर नवा कर लावण्यापूर्वी मतदारांचा कौल घ्यावा लागतो. वार्षिक अधिवेशनही 120 दिवसांतच आटोपावे लागते.

यांपैकी बंदुकांच्या कायद्याला थेट भिडणारे साधन म्हणजे सार्वमत. अधिवेशन संपल्यापासून 90 दिवसांच्या आत पुरेशा सह्या जमवल्या, तर नुकताच झालेला कायदा मतदारांपुढे जातो आणि तो राहावा की नाही हे ते ठरवतात. त्यासाठी मागील सार्वत्रिक निवडणुकीत सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातील निवडणुकांचे काम पाहणारा अधिकारी) या पदासाठी झालेल्या एकूण मतदानाच्या 5 टक्के सह्या लागतात. 2013 मध्ये मग हा मार्ग का घेतला गेला नाही? उत्तर विधेयकाच्या शेवटच्या कलमात आहे. विधेयकाच्या तळाशी विधिमंडळ एक वाक्य जोडू शकते, ज्याचा आशय असा, की सार्वजनिक शांतता, आरोग्य किंवा सुरक्षितता यांच्या तातडीच्या रक्षणासाठी हा कायदा आवश्यक आहे. यालाच तेथे 'सेफ्टी क्लॉज' म्हणतात. हे वाक्य असले की सार्वमताचे दार बंद होते, कायदा 90 दिवस थांबत नाही, आणि तातडी खरोखर होती का, हे न्यायालय तपासत बसत नाही. मॅगझिनचा आणि पार्श्वभूमी तपासणीचा असे दोन्ही कायदे 1 जुलै 2013 पासून, म्हणजे अधिवेशन संपून 90 दिवस उलटण्यापूर्वीच, लागू झाले.

माझ्या मते त्या वर्षीच्या रिकॉलचे मूळ या एका वाक्यात बरेचसे सापडते. लोकांचा रोष ज्या दारातून बाहेर पडायला हवा होता ते बंद होते, म्हणून तो शेजारच्या दारातून गेला. हे दार बंद नसते तेव्हा काय होते, याचेही उदाहरण आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत देशभरातील एकूण मतांच्या कौलाप्रमाणे राज्याची प्रतिनिधी-मते देण्याचा करार कोलोरॅडोने 2019 मध्ये कायद्याने स्वीकारला. त्या कायद्यात तातडीचे वाक्य नव्हते. विरोधकांनी सह्या जमवल्या आणि नोव्हेंबर 2020 मध्ये तो थेट मतदारांपुढे आला. मतदारांनी कायदा कायम ठेवला. अशा नागरिकप्रेरित सार्वमताची वेळ त्या राज्यात 1932 नंतर प्रथमच आली होती.

तेव्हा विधेयक मंजूर झाले की सर्वांत आधी त्याचे शेवटचे पान उघडावे. तातडीचे वाक्य नसेल तर सार्वमत हे योग्य साधन आहे. ते असेल तर नागरिकांनी स्वतः रद्द करणारा कायदा प्रस्तावित करणे, न्यायालयात जाणे, पुढच्या नियमित निवडणुकीची वाट पाहणे, किंवा रिकॉल, एवढेच पर्याय उरतात. न्यायालयाच्या मार्गात कायद्याच्या गुणदोषांपूर्वी 'तुम्हाला दाद मागण्याचा अधिकार आहे का' हा प्रश्न उभा राहतो. राज्यातील बहुसंख्य शेरीफांनी (काउंटीच्या निवडून आलेल्या पोलीस प्रमुखांनी) या कायद्यांविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला होता, पण 2016 मध्ये अपील न्यायालयात तो याच प्रश्नावर अडला.

तिसरी पायरी: आपल्याला हक्क आहे का, याची खात्री करा

मागणीपत्रावर सही करण्याचा हक्क फक्त त्या मतदारसंघातील नोंदणीकृत मतदाराला आहे, आणि मतदार होण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना, एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांना सही करता येत नाही. हे मी ठासून लिहितो, कारण आपल्या लोकांत भिडस्तपणा फार. शेजारी टेबल मांडून बसला आहे, ओळखीचा आहे, 'करून टाक सही' म्हणतो, आणि आपण नाही म्हणायला संकोचतो. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणे किंवा आपण मतदार असल्याचे खोटे लिहून देणे, याचा परिणाम पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर आणि देशात राहण्याच्या हक्कावरही होऊ शकतो. वाहन परवाना काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर आला, तरी उत्तर विचारपूर्वकच द्यावे.

पैशाचेही तसेच आहे. ग्रीन कार्डधारकाला निवडणुकीसाठी देणगी देता येते, पण तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला स्थानिक निवडणुकीसाठीसुद्धा ती देता येत नाही. मते मांडणे, सभेला जाणे, आमदाराला पत्र लिहिणे यांना मात्र अशी आडकाठी नाही.

आणखी एक गोष्ट. रिकॉल होतो तो राज्याच्या आणि स्थानिक पदाधिकाऱ्यांचा. वॉशिंग्टनमधील काँग्रेसच्या सदस्यांना परत बोलावण्याची सोय अमेरिकेच्या संविधानात नाही. राज्याराज्यांचे नियमही वेगळे आहेत. वॉशिंग्टन राज्य, मिनेसोटा यांसारख्या ठिकाणी गैरवर्तनाचे ठोस कारण दाखवावे लागते. कोलोरॅडोत तसे नाही. कारण पुरेसे आहे की नाही हे ठरवण्याचा एकमेव अधिकार मतदारांचा, असे तेथील घटनाच म्हणते. त्यामुळे 'आमच्या मनाविरुद्ध मत दिले' एवढे कारणही तेथे चालते.

चौथी पायरी: आकडा काढा आणि तो दिवसांत मोडा

कोलोरॅडोत आमदाराच्या रिकॉलसाठी त्या पदाच्या मागील निवडणुकीत सर्व उमेदवारांना मिळून जितकी मते पडली, त्यांच्या 25 टक्के वैध सह्या लागतात. मतदारसंघात किती लोक राहतात याच्याशी या आकड्याचा संबंध नाही, मागच्या वेळी किती जण मतदानाला आले याच्याशी आहे. हा फरक ज्याला कळला त्याला अर्धे गणित कळले.

मोर्स आणि जिरॉन हे दोघेही 2010 मध्ये निवडून आले होते. ते राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीचे वर्ष नव्हते, त्यामुळे मतदान कमी झालेले. मोर्स यांच्यासाठी 7,178 वैध सह्या पुरेशा होत्या, जिरॉन यांच्यासाठी 11,285. पुढे एव्ही ह्युडॅक या तिसऱ्या सिनेटरविरुद्ध मोहीम निघाली. त्या 2012 मध्ये, ओबामांच्या दुसऱ्या निवडणुकीबरोबर, निवडून आल्या होत्या. त्यांच्यासाठी जवळपास 19 हजार सह्या लागणार होत्या. सगळे मतदारसंघ लोकसंख्येने साधारण सारखेच, पण मागणीपत्राचे ओझे मोर्स यांच्या अडीचपटींहून जास्त.

सह्या जमवण्यासाठी 60 दिवस मिळतात. 7,178 ला 60 ने भागले तर दिवसाला 120 वैध सह्या येतात. पण जमलेल्या सगळ्याच सह्या वैध ठरत नाहीत, आणि मोहिमा बहुधा येथेच फसतात. मोर्स यांच्याविरुद्ध सुमारे 16 हजार सह्या सादर झाल्या, त्यांतील 10,137 वैध ठरल्या, म्हणजे शंभरातील सुमारे 63. प्वेब्लोत 13,466 सादर झाल्या आणि 12,648 वैध ठरल्या, म्हणजे शंभरातील 94. पहिल्या दराने दिवसाला 120 वैध सह्या हव्या असतील तर 190 जमवाव्या लागतात. दुसऱ्या दराने 128 पुरतात.

प्वेब्लोची मोहीम एका प्लंबरने पुढाकार घेऊन उभी केली होती आणि तिचा भर स्वयंसेवकांवर होता. मतदाराचे नाव यादीत आहे का, हे ते सही घेतानाच टॅब्लेटवर तपासत. कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये सह्यांसाठी पैसे देऊन नेमलेली माणसेही होती. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातून शिकण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे: सही घेतल्यावर नव्हे, सही घेताना तपासा.

वेळेचाही विचार करावा. बहुतेक पदांसाठी पदावर येऊन सहा महिने होईपर्यंत रिकॉलला हात घालता येत नाही, पण विधिमंडळ सदस्यांच्या बाबतीत निवडणुकीनंतरचे अधिवेशन सुरू होऊन पाच दिवस झाले की मार्ग मोकळा होतो.

पाचवी पायरी: दोनशे शब्दांचे निवेदन

मागणीपत्राच्या वतीने बोलणाऱ्या समितीत तीनपर्यंत व्यक्तींची नावे देता येतात. सह्या घेण्याआधी मागणीपत्राचा नमुना सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात रिकॉलचे कारण 200 शब्दांच्या आत लिहायचे असते. आमदाराला आपली बाजू 300 शब्दांपर्यंत मांडता येते.

हे 200 शब्द शांतपणे लिहावेत. कोणत्या विधेयकावर, कोणत्या तारखेला, कोणते मत दिले, एवढे आले की पुरे. आमदाराच्या हेतूविषयी, घराविषयी, धर्माविषयी एक अक्षर नको, कारण कारणाची वैधता तपासली जात नसली तरी मतदार ते वाचतो आणि त्यावरून मागणी करणाऱ्याची पारख करतो.

शब्दांइतकाच कायदेशीर ढाचाही महत्त्वाचा आहे. 2013 मध्ये दोन्ही आमदारांच्या समर्थकांनी हरकत घेतली, की मागणीपत्रात केवळ हटवण्याची मागणी आहे, उत्तराधिकारी निवडण्याची मागणी स्पष्ट शब्दांत नाही, म्हणून सगळ्या सह्या बाद कराव्यात. डेन्व्हरच्या जिल्हा न्यायालयाने जुलैमध्ये ती हरकत फेटाळली. हजारो माणसांच्या सह्या एका वाक्याच्या अभावापायी टांगणीला लागल्या होत्या, हे विसरू नये. नमुना मंजूर झाला म्हणजे तो आक्षेपांपासून सुरक्षित झाला असे नाही. कार्यालयाची त्या वर्षीची नियमपुस्तिका आणि या विषयातला एक वकील, दोन्ही हाताशी असावेत. 2013 च्या गोंधळानंतर नियमांत बदल झाले आहेत आणि पुढेही होतील.

सहावी पायरी: एक सही, जवळून

सह्यांच्या कागदावरची एक ओळ घेऊ. तिच्यात सही, स्पष्ट अक्षरांत नाव, राहण्याचा पत्ता आणि तारीख असते. चारही ठिकाणी मराठी माणसाची गफलत होऊ शकते, म्हणून थोडे थांबून लिहितो.

नाव. मतदार यादीत पहिले नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतील, आणि कागदावर आपण फक्त पहिले नाव व आडनाव लिहिले, किंवा लग्नानंतर बदललेले आडनाव लिहिले पण नोंदणी माहेरच्या नावाने राहिली, तर तपासणाऱ्याला जुळवणी करणे कठीण जाते. यादीत जसे आहे तसेच लिहावे.

पत्ता. भाड्याचे घर बदलले, पण मतदार नोंदणीत जुनाच पत्ता राहिला, असे फार घरांत असते. सह्या बाद होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. त्यातही रस्त्याच्या पलीकडे दुसरा मतदारसंघ सुरू होत असेल, तर आपण या आमदाराचे मतदारच नसतो. नोंदणी आधी दुरुस्त करावी, मग सही करावी.

तारीख. आपण 7 मे हे 7/5 असे लिहितो. अमेरिकेत तेच 5 जुलै असे वाचले जाईल, आणि ती तारीख मागणीपत्राच्या मुदतीबाहेर पडली तर सहीवर प्रश्नचिन्ह लागेल. महिना आधी, दिवस नंतर, हे लक्षात ठेवावे.

सही. अनेक जण हौसेने देवनागरीत सही करतात. नोंदणीच्या वेळी तशीच केली असेल तर येथेही तशीच करावी. तेव्हा रोमन लिपीत केली असेल तर येथेही रोमनच. नवऱ्याने बायकोच्या वतीने किंवा मुलाने आईच्या वतीने सही करणे हा गुन्हा आहे. आई बाजूच्या गाडीत बसलेली असली तरी कागद तिच्यापर्यंत न्यावा.

कागद फिरवणाऱ्याने प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी शपथपत्र भरून नोटरीसमोर सही करायची असते. सह्या आपल्यासमोर झाल्या, हे तो शपथेवर सांगत असतो. शपथपत्रात चूक झाली तर त्या गठ्ठ्यातल्या सगळ्या निर्दोष सह्याही धोक्यात येतात. म्हणून टेबलावर पेनासोबत मागणीपत्राच्या सूचनांची एक प्रत असावी, आणि रोज रात्री दिवसभराचे कागद दोन वेगळ्या माणसांनी तपासावेत.

सातवी पायरी: सादर केल्यानंतरचे दिवस

कार्यालय सह्या मतदार यादीशी ताडून पाहते. त्यानंतर मतदारांना लेखी हरकत घेण्यासाठी 15 दिवस असतात. सह्या अपुऱ्या ठरल्या तर समितीला मागणीपत्र मागे घेऊन 15 दिवसांत दुरुस्त करून पुन्हा सादर करता येते. गरजेपेक्षा चौथाई ते एक तृतीयांश जास्त सह्या जमवाव्यात असे मी सुचवेन, म्हणजे दुरुस्तीची वेळच येणार नाही.

मागणीपत्र वैध ठरल्यावर आमदाराला पाच दिवसांची मुदत मिळते. त्या काळात त्याने राजीनामा दिला तर निवडणूक होत नाही आणि रिक्त जागा नेहमीच्या पद्धतीने भरली जाते, म्हणजे त्याच्याच पक्षाची समिती उत्तराधिकारी नेमते. ही बाब मोहीम काढणारे पुष्कळदा हिशेबात धरत नाहीत. एव्ही ह्युडॅक यांनी नोव्हेंबर 2013 मध्ये सह्या सादर होण्यापूर्वीच राजीनामा दिला. त्यांच्या जागी त्यांच्याच पक्षाच्या रेचल झेनझिंगर आल्या आणि सिनेटचे बहुमत एका मताने टिकले. बहुमत बदलण्यासाठी रिकॉल काढणाऱ्याने या शक्यतेची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजे.

आठवी पायरी: मतपत्रिका आणि मतदानाची रीत

राजीनामा आला नाही तर गव्हर्नर निवडणुकीची तारीख ठरवतात. मतपत्रिकेवर दोन गोष्टी असतात. पहिला प्रश्न, या व्यक्तीला पदावरून परत बोलवावे का, होय की नाही. त्याखाली उत्तराधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांची नावे, ज्यांत त्या आमदाराचे नाव नसते. 'होय'ला बहुमत मिळाले तर उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, मग ती मते निम्म्याहून कमी असली तरी.

पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्यानेही खाली उमेदवार निवडावा. जुन्या तरतुदीप्रमाणे रिकॉलच्या प्रश्नावर मत दिले नाही तर उत्तराधिकाऱ्याला दिलेले मत मोजायचे नाही, असे होते. 2013 मध्ये गव्हर्नरांनी विचारणा केल्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट अमेरिकेच्या संविधानाशी विसंगत ठरवली. त्यामुळे दोन्ही मते स्वतंत्र आहेत.

त्या वर्षीचा मोठा वाद टपाली मतपत्रिकांचा होता. निवडणुकांत प्रत्येक मतदाराला टपालाने मतपत्रिका पाठवण्याचा नवा कायदा राज्याने नुकताच केला होता. पण घटनेनुसार उत्तराधिकारी उमेदवाराला मतदानाच्या 15 दिवस आधीपर्यंत अर्ज भरता येतो. लिबर्टेरियन हा छोटा तिसरा पक्ष या मुद्द्यावर न्यायालयात गेला आणि जिंकला. उमेदवारांची यादीच इतक्या उशिरा पक्की होणार म्हटल्यावर सर्वांना वेळेवर टपाल पाठवणे शक्य राहिले नाही आणि लोकांना मतदान केंद्रावर जावे लागले. दरवेळी घरी येणाऱ्या पाकिटाची सवय असलेल्या मतदाराला या वेळी आपणहून निघायचे होते. मोर्स यांच्या मतदारसंघात नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे पाचांतील एकानेच मत दिले.

पैसा दोन्ही बाजूंनी आला. न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी आमदारांच्या बचावासाठी 3 लाख 50 हजार डॉलर दिले. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेने रिकॉलच्या बाजूने जवळपास तेवढाच खर्च केला. एकूण खर्चात बचाव करणारी बाजू कितीतरी पुढे होती. तरीही मोर्स तीनशेच्या आसपास मतांनी हरले, आणि जिरॉन यांच्याविरुद्ध शंभरातील 56 मते पडली, तीही ओबामांना मोठे मताधिक्य देणाऱ्या मतदारसंघात. मतदान केंद्रापर्यंत कोण येते, यावर अशी निवडणूक फिरते. पैशापेक्षा दारोदार जाणाऱ्या पायांना येथे अधिक किंमत आहे, आणि हे बचाव करणाऱ्यांनाही तितकेच लागू आहे.

निकालानंतर

मोर्स यांच्या जागी बर्नी हर्पिन आणि जिरॉन यांच्या जागी जॉर्ज रिव्हेरा हे रिपब्लिकन उमेदवार आले. त्यांनी मिळवलेली जागा फक्त उरलेल्या मुदतीपुरती होती. नोव्हेंबर 2014 च्या नियमित निवडणुकीत दोघेही हरले आणि दोन्ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे परतल्या. मोर्स यांना तर कार्यकाळाच्या मर्यादेमुळे 2014 ची निवडणूक लढवताच आली नसती. म्हणजे एवढा सगळा खटाटोप त्यांच्या बाबतीत सुमारे सव्वा वर्षाच्या मुदतीसाठी झाला. हे आधी मोजणे प्रत्येक मोहिमेचे कर्तव्य आहे, कारण त्या निवडणुकीचा खर्च करदाते उचलतात. राज्यस्तरीय पदावरील व्यक्ती रिकॉलमध्ये टिकून राहिली, तर तिचा निवडणूक खर्चही राज्याच्या तिजोरीतून भरून देण्याची तरतूद घटनेत आहे. शिवाय एकदा निवडणूक होऊन ती व्यक्ती टिकली, की त्याच मुदतीत दुसऱ्या प्रयत्नासाठी 25 ऐवजी 50 टक्के सह्या लागतात. पहिला प्रयत्न कच्च्या तयारीने करू नये, याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

टिकून राहण्याचीही किंमत असते. कॅलिफोर्नियात डेव्हिड रोबर्टी या सिनेटरांनी 1989 मध्ये हल्ल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बंदुकांवर निर्बंध आणणाऱ्या कायद्यात पुढाकार घेतला होता. 1994 मध्ये त्यांच्याविरुद्ध रिकॉल झाला. त्यात ते टिकले, पण राज्याचे कोषाध्यक्षपद लढवण्यासाठी जमवलेला पैसा त्यातच खर्ची पडला आणि पुढची उमेदवारी हातून गेली.

कधी मोहीम मध्येच सोडून देणेही शहाणपणाचे ठरते. 2019 मध्ये स्वतःला किंवा इतरांना धोका असणाऱ्या व्यक्तीकडून न्यायालयाच्या आदेशाने बंदूक काढून घेण्याचा कायदा कोलोरॅडोने केला. तेव्हा आमदार टॉम सलिव्हन यांच्याविरुद्ध मागणीपत्र निघाले. ऑरोराच्या गोळीबारात त्यांनी आपला मुलगा गमावला होता आणि त्या कायद्याचे ते एक प्रमुख पुरस्कर्ते होते. सह्या जमवण्याची मुदत संपण्याआधीच ती मोहीम मागे घेतली गेली. निवेदनातील 200 शब्द कायद्याविषयी असले, तरी मतदारापुढे माणूस उभा असतो.

महाराष्ट्रातील वाचकासाठी

आपल्याकडे आमदार किंवा खासदार यांना मतदारांनी परत बोलावण्याची तरतूद संविधानात नाही. अण्णा हजारे यांनी 2011 च्या आंदोलनानंतर ही मागणी पुढे आणली आणि 'राइट टू रिकॉल' हा शब्द घरोघरी पोहोचला. छत्तीसगडमध्ये 2008 साली नगराध्यक्षांना मतदारांनी प्रत्यक्ष मतदानाने पदावरून दूर केले आहे. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव सदस्यांनी मंजूर केला, तरी तो ग्रामसभेपुढे जावा लागतो. कोलोरॅडोच्या अनुभवातून या चर्चेत विचारायचे प्रश्न नेमके मिळतात: सह्यांची टक्केवारी कशाच्या प्रमाणात धरायची, एकूण मतदारांच्या की झालेल्या मतदानाच्या? एका मतावरून परत बोलावता यावे की गैरवर्तन सिद्ध व्हावे? राजीनामा दिला तर जागा कोण भरणार? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या मसुद्यात नाहीत, तो मसुदा अजून अपुरा आहे असे समजावे.

कोलोरॅडोतील नागरिकाने मात्र आज करायचे काम वेगळे आहे. बंदुकांचा विषय तेथे थांबलेला नाही. 2025 मध्ये विधिमंडळाने काढता येणारे मॅगझिन असलेल्या काही अर्धस्वयंचलित बंदुकांच्या खरेदीवर आणखी कडक अटी घातल्या. मे महिन्यात अधिवेशन संपेल तेव्हा ज्या विधेयकाविषयी आपल्याला आस्था आहे, मग ते आपल्याला हवे असो की नको असो, त्याची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी, शेवटच्या कलमात तातडीचे वाक्य आहे का ते वाचावे, आणि नसेल तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या दिवसापासूनचा नव्वदावा दिवस खूण करून ठेवावा.